टाके निघाल्यानंतर

समजा, तुमच्या वर्गातला एक मुलगा सायकलवरून शाळेत येताना ट्रकचा धक्का लागून पडला. डोक्याला मार बसला. पाच दिवस तो शुद्धीवर नव्हता. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली आणि मुलगा वाचला. दोन महिन्यांनी तो वर्गात परत आला तेव्हा केस वाढून वण झाकला गेला होता, चालणे-बोलणे पूर्वीसारखेच दिसत होते. पण फळ्यावरचे उतरवून घेताना तो दोन ओळींनंतर थांबतो. काल शिकवलेले आज त्याला आठवत नाही. कोणी चेष्टा केली तर अंगावर धावून जातो, आणि तिसऱ्या तासाला डोके बाकावर ठेवून झोपतो. घरचे म्हणतात, अपघातानंतर लाडावला. आपण म्हणतो, आळशी झाला. रुग्णालयाच्या कागदावर तर 'प्रकृती समाधानकारक' असे स्पष्ट लिहिलेले असते.

या मुलाला नेमके काय झाले आहे आणि त्याला पुन्हा शिकता करण्याची जबाबदारी कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर शास्त्राने बरेचसे शोधले आहे. दुसऱ्याचा इतिहास मात्र विचित्र आहे. गेल्या शंभर वर्षांत मेंदूला इजा झालेल्या माणसाला किती मदत मिळाली हे त्याची जखम किती खोल होती यावर फारसे ठरलेले नाही. तो कोण होता, यावर ते ठरले आहे.

अमेरिकेतल्या फिनिअस गेजची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असते. 1848 साली व्हरमाँट राज्यात रेल्वेच्या कामावर सुरुंगाचा स्फोट होऊन एक लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो जगला, पण स्वभाव पार बदलला, असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि तिथेच थांबतात. पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गेजने नंतर चिली देशात कित्येक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकण्याचे काम केले. रोज तोच रस्ता, तेच घोडे, ठरलेल्या वेळा. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाचे म्हणणे असे की या शिस्तबद्ध दिनक्रमानेच गेजला बऱ्यापैकी सावरले असावे. म्हणजे पुनर्वसन झाले, पण योगायोगाने! ते मुद्दाम घडवून आणण्याची कल्पना यायला पहिले महायुद्ध यावे लागले.

त्या युद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या सैनिकांना गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे डोक्यातच लागत. पूर्वी असे बहुतेक सैनिक दगावत. आता पोलादी शिरस्त्राणे आली, जखम निर्जंतुक ठेवण्याचे तंत्र सुधारले. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी 1917 साली अवघ्या तीन महिन्यांत आपल्या हाताखालच्या डोक्याच्या शस्त्रक्रियांमधील मृत्यूंचे प्रमाण सुमारे 55 टक्क्यांवरून सुमारे 29 टक्क्यांवर आणले. साहजिकच पूर्वी कधी नव्हता असा एक मोठा समूह तयार झाला. ही तरुण माणसे होती. हातपाय धड होते, पण कोणाला शब्द सापडत नव्हते, कोणाला अक्षर ओळखता येत नव्हते, कोणाला साधा हिशेब जमत नव्हता.

जर्मनीत यांच्यासाठी खास रुग्णालये निघाली आणि त्यांना जोडून शाळा व कार्यशाळा. कोलोनमध्ये वाल्टर पॉपेलरॉयटर आणि फ्रँकफुर्टमध्ये कुर्ट गोल्डस्टाइन हे त्यातले दोन प्रमुख. गोल्डस्टाइन यांची संस्था 1916 मध्ये सुरू झाली. तेथे तपासणीची खोली, वर्ग आणि कामाचा ओटा यांचा एकमेकांशी संबंध होता. सकाळी मानसशास्त्रज्ञाने जे दोष हेरले त्यांवर वर्गात अभ्यास करून घ्यायचा, आणि माणूस प्रत्यक्ष सुतारकाम करू शकतो की नाही ते कार्यशाळेत पाहायचे. सुरुंगाच्या तुकड्याने जखमी झालेला त्यांचा एक रुग्ण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याला अक्षर डोळ्यांना दिसे पण ओळखू येत नसे. मात्र अक्षराच्या कडेने तो बोट किंवा डोके हलवी आणि त्या हालचालीवरून अक्षर ओळखी. तो हे इतक्या सफाईने करी की वरवर पाहणाऱ्याला तो वाचतोच आहे असे वाटावे. गोल्डस्टाइन आणि त्यांचे सहकारी आडेमार गेल्ब यांनी यावरून एक मोठी गोष्ट दाखवून दिली. गेलेली क्षमता जशीच्या तशी परत येत नसेल, तरी मेंदू वळसा घालून दुसऱ्या वाटेने तेच काम साधू शकतो. ही वाट शोधून देणे हेच शिकवणाऱ्याचे काम.

एवढा खर्च जर्मन सरकारने का केला? करुणेचा भाग असेलही, पण सैनिकाच्या पेन्शनची जबाबदारी सरकारवर होती. जो पुन्हा कामाला लागेल त्याचे पेन्शन कमी. पॉपेलरॉयटर यांच्या चाचण्यांमध्ये माणूस किती तास, किती वेगाने काम करू शकेल हे मोजण्यावर भर होता तो उगीच नव्हे. शास्त्र पुढे गेले ते हिशेबाच्या वहीचा हात धरून, आणि यात आम्हाला लाजिरवाणे काही वाटत नाही. प्रश्न एवढाच की ज्याचे नाव त्या वहीत नव्हते त्याचे काय? छपरावरून पडलेला गवंडी किंवा गाडीखाली आलेली बाई या शाळांच्या दारात पोहोचण्याचे कारण नव्हते. युद्धानंतर हळूहळू या संस्थांचा जोर ओसरला. 1933 मध्ये नाझींनी ज्यू असलेल्या गोल्डस्टाइन यांना अटक केली आणि त्यांना देश सोडावा लागला. पॉपेलरॉयटर त्यापूर्वीच नाझी पक्षात गेले होते.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले, निदान तीन देशांत. ब्रिटनमध्ये एडिंबरो येथे ऑलिव्हर झँगविल यांनी काम केले. 1947 साली त्यांनी पुनर्वसनाचे तीन मार्ग वेगवेगळे करून मांडले. उरलेल्या क्षमतांनी उणीव भरून काढणे, एका पद्धतीऐवजी वेगळीच पद्धत शिकवणे, आणि बिघडलेली क्षमताच सरावाने पुन्हा घडवणे. आजही हा विषय शिकवताना ही विभागणी उपयोगी पडते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या गोल्डस्टाइन यांनी 1942 मध्ये युद्धातील मेंदूच्या जखमांच्या परिणामांवर पुस्तक लिहिले. आणि सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लुरिया होते.

लुरिया यांनी उरल पर्वताच्या दक्षिण भागात चेल्याबिन्स्कजवळ किसेगाच येथे जखमी सैनिकांसाठी पुनर्वसन रुग्णालय उभारले. त्यांच्या रुग्णांपैकी झासेत्स्की हा तंत्रशिक्षण घेणारा विद्यार्थी होता. मार्च 1943 मध्ये गोळी लागून त्याच्या मेंदूचा डाव्या बाजूचा मागचा भाग जखमी झाला. त्याला वस्तूंची उजवी बाजू दिसेना, अक्षरे विसरली, 'आईचा भाऊ' आणि 'भावाची आई' यांतला फरक कळेना. अक्षर आठवून लिहायला गेला की हात थबके. मग त्याला सुचवण्यात आले की अक्षराचा विचारच करू नकोस, हात न उचलता सगळा शब्द एका दमात लिही. आणि हात चालला! लहानपणापासून गिरवलेल्या शब्दांची हालचाल मेंदूच्या दुसऱ्या भागात शाबूत होती. मात्र लिहिलेले वाचणे त्याला मोठे कष्टाचे राही. तरीही सुमारे पंचवीस वर्षांत त्याने स्वतःबद्दल तीन हजारांच्या आसपास पाने लिहिली. लुरियांनी त्यावर आधारलेले पुस्तक 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केले. ज्याने कोणाला लिहायला-वाचायला शिकवले आहे त्याने ते जरूर वाचावे.

आता एक अडचण. गोळीने मेंदूच्या एका ठिकाणी भोक पडते, बाकीचा मेंदू पुष्कळसा शाबूत राहतो. गोल्डस्टाइन आणि लुरियांचे सगळे कौशल्य अशा जखमांवर घडले होते. मोटारीच्या अपघातात असे होत नाही. ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी 1943 मध्ये जिलेटिनचा मेंदू करून दाखवून दिले की डोक्याला एकाएकी गिरकी बसली की आतला मऊ भाग स्वतःवरच घसरतो, सर्व बाजूंनी ताणला जातो. वाटीतले दही झटक्याने फिरवून पाहिले तर कल्पना येईल. 1956 मध्ये सबीना स्ट्रिच यांनी अशा रुग्णांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी केली. मेंदूच्या भागांना जोडणारे लांब तंतू ठिकठिकाणी नष्ट झालेले त्यांना आढळले. अशा माणसाला एखादे अक्षर ओळखता येत नाही असे होत नाही. त्याचा वेग मंदावतो, लक्ष टिकत नाही, नवे लक्षात राहत नाही, राग आवरत नाही. आपल्या वर्गातल्या त्या मुलाचे हेच झाले आहे. या उणिवा दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला पैसे मिळणे कठीण.

मोटारींची संख्या वाढली तशी अशा रुग्णांची संख्याही वाढली. त्यातच 1971 मध्ये लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. कवटी न उघडता आतला रक्तस्राव दिसू लागला आणि पूर्वी दगावले असते असे लोक वाचू लागले. 1974 मध्ये ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धी मोजण्याचे साधे कोष्टक दिले. डोळे उघडण्याला 4 पर्यंत गुण, बोलण्याला 5 पर्यंत, हालचालीला 6 पर्यंत. एकूण 3 ते 15. आज जगभरची रुग्णालये ते वापरतात. त्याच जेनेट यांनी मायकेल बाँड यांच्यासह पुढच्याच वर्षी दुसरे कोष्टक प्रसिद्ध केले, त्याची चर्चा मात्र फार कमी होते. रुग्ण वाचल्यावर पुढे त्याचे काय झाले, हे ते मोजते. मृत्यू एका टोकाला, चांगली सुधारणा दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या पायऱ्यांवर शुद्ध परत न येणे, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व. वैद्यकाच्या यशाची मोजणी 'जिवंत' या शब्दावर थांबू नये, असे त्यात गृहीत होते. ग्लासगोतच नील ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे विचारले. कुटुंबावरचा ताण पाच वर्षांनंतरही कमी झालेला नव्हता, उलट वाढलेला होता. आणि लुळ्या पडलेल्या हाताहून बदललेला स्वभाव त्यांना जड जात होता.

मागणी मग नातेवाइकांनीच केली. ब्रिटनमध्ये 1979 मध्ये 'हेडवे' ही संस्था निघाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात मॅरिलिन प्राइस स्पिव्हॅक यांच्या किशोरवयीन मुलीला 1975 मध्ये मोटार अपघातात मेंदूची इजा झाली होती. तिला कोठे न्यावे हे कोणी सांगू शकेना. 1980 मध्ये स्पिव्हॅक यांनी अशा कुटुंबांची राष्ट्रीय संस्था स्थापन केली.

उपाय माहीतच नव्हता असे नाही. 1973 च्या युद्धात जखमी झालेल्या इस्रायली सैनिकांसाठी येहुदा बेन-यिशाय यांनी दिवसभराचे केंद्र चालवले होते. काही मोजके रुग्ण रोज एकत्र येत, एकमेकांसमोर सराव करत, आपली उणीव मान्य करायला शिकत. त्याच धर्तीवर न्यूयॉर्क विद्यापीठात 1978 मध्ये नागरिकांसाठी केंद्र सुरू झाले. पण तेथे जागा थोड्या आणि खर्च मोठा. 1980 च्या दशकात अमेरिकेत नफ्यासाठी चालणारी पुनर्वसन केंद्रे भराभर निघाली. ज्याच्या विम्यात पैसे असतील त्याला ती दाखल करून घेत आणि विमा संपला की घरी पाठवत. यातल्या गैरप्रकारांची 1992 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. त्यानंतर विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि खऱ्या गरजूंच्या वाट्याचे दिवसही कमी झाले.

शिक्षकांच्या दृष्टीने या काळातली सर्वांत महत्त्वाची घटना रुग्णालयात घडली नाही. 1990 मध्ये अमेरिकेने अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि यादीत दोन नवी नावे घातली. एक स्वमग्नता आणि दुसरे अपघाताने झालेली मेंदूची इजा. त्याआधीही अशी मुले शाळेत होतीच. पण त्यांना मतिमंद किंवा वर्तन-समस्या असलेली मुले यांच्या रकान्यात कोंबले जाई. या मुलांचे वेगळेपण असे की अपघातापूर्वी शिकलेले त्यांना बरेच येत असते, त्यामुळे बुद्धिमापन चाचणीत गुण ठीक पडतात. अडते ते नवीन शिकताना. शिवाय त्यांची स्थिती पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने बदलते, म्हणून जूनमध्ये केलेली योजना ऑक्टोबरात चालत नाही. कायद्यात नाव आल्यामुळे शाळेला वेगळी तपासणी आणि वेगळी योजना करणे भाग पडले. एका शब्दाने एवढा फरक पडतो!

सैनिकांना नेहमीच सारे मिळाले, असा समज वरच्या इतिहासावरून होईल. तोही खरा नाही. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत रस्त्याकडेच्या स्फोटांनी असंख्य अमेरिकी सैनिकांच्या मेंदूंना इजा झाली. जखम बाहेरून दिसत नसे. स्मृती आणि लक्ष सुधारण्याच्या उपचारांचे पैसे सैन्याची विमा योजना देत नाही, ही गोष्ट 2010 मध्ये वृत्तमाध्यमांनी उघड केली. या उपचारांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असा योजनेचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद नीट तपासण्यासारखा आहे. वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात झालेला एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. 120 सैनिकांपैकी काहींना आठ आठवडे रुग्णालयात ठेवून उपचार दिले, उरलेल्यांना घरी राहून व्यायाम व सराव करायला सांगितले आणि दर आठवड्याला परिचारिका त्यांना फोन करी. वर्षाने पाहिले तर रुग्णालयातल्या गटातले 90 टक्के आणि घरच्या गटातले 94 टक्के कामावर परतले होते. झाले, उपयोग नाही! पण जरा थांबा. घरच्या गटाला 'काहीच नाही' मिळाले असे नव्हते. त्यांना सराव होता, फोन होता, घरात सांभाळणारे माणूस होते, आणि परत जायला नोकरी होती. शिवाय ज्यांची बेशुद्धी एक तासाहून अधिक टिकली होती अशांचे आकडे वेगळे पाहिले तेव्हा रुग्णालयातल्या उपचारांचा फायदा दिसत होता. नंतर असे गट पाडून काढलेल्या निष्कर्षावर फार भर देऊ नये हे संशोधक म्हणून आम्ही मान्य करतो. तरी उपचारच नको, असे या प्रयोगातून निघत नाही. साधा, स्वस्त पण सातत्याचा आधारही काम करतो, असे मात्र निघू शकते. 2011 मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने सर्व पुरावा तपासला. पुरावा तोकडा आहे, पण उपचार चालू ठेवावेत, असे तिने सांगितले. पुरावा तोकडा असण्याचे एक कारण उघड आहे. दोन रुग्णांची इजा सारखी नसते आणि एका गोळीसारखा एकच उपचार सर्वांना देता येत नाही.

आपल्याकडे वाट वेगळी नव्हती. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 मध्ये निघाले ते महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी. खडकीचे पक्षाघात झालेल्या जवानांचे केंद्र 1974 चे. मुंबईत हाजी अली येथे 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सुरू झालेली अखिल भारतीय संस्था मात्र सर्वांसाठी होती. या संस्थांची घडण मुख्यतः हातपाय आणि मणका यांच्या अपंगत्वाभोवती झाली. मेंदूच्या इजेनंतर स्मृती, लक्ष आणि वर्तन यांवर काम करणारे विभाग बंगळूरच्या निम्हान्ससारख्या थोड्या ठिकाणी आहेत. तालुक्याच्या गावातून रुग्णाला आठवड्यातून तीनदा अशा ठिकाणी नेणे कोणत्या कुटुंबाला जमेल?

2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि 4 लाख 43 हजारांहून अधिक जखमी झाली, असे सरकारी अहवाल सांगतो. जखमींपैकी किती जणांच्या मेंदूला इजा झाली हे या आकड्यात कळत नाही. 2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात सातच होते, म्हणजे यादी तिपटीने वाढली. त्यात पार्किन्सन आहे, सिकलसेल आहे, आम्लहल्ल्याने झालेली इजाही आहे. मेंदूची इजा या नावाने त्यात नाही. आपल्या वर्गातल्या मुलाला प्रमाणपत्र हवे असेल तर त्याला चलनवलनाचे अपंगत्व, वाचादोष, दीर्घकालीन मज्जाविकार अशा कुठल्यातरी रकान्यात बसवावे लागते. अमेरिकेत 1990 पूर्वी जे होत होते तेच. प्रमाणपत्र मिळाले आणि टक्केवारी पुरेशी भरली तर परीक्षेत दर तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळू शकतात. ज्याचा वेग मंदावला आहे त्याला ही वीस मिनिटे पुष्कळ झाली.

2025 मध्ये केंद्र सरकारने रस्त्यावरील अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च, अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त सात दिवस. पैशांअभावी कोणी दारातच मरू नये म्हणून ही योजना आवश्यकच होती. पाच दिवस बेशुद्ध असलेल्या आपल्या मुलाचे त्यातले दोन दिवस शुद्धीत जातील.